बाभळीची दारं आणि माशांची वाट

गोदावरी महाराष्ट्र सोडून तेलंगणात शिरते त्याच्या थोडं अलीकडे, नांदेड जिल्ह्यातल्या धर्माबाद तालुक्यात, बाभळीचा बंधारा आहे. त्याची चौदा दारं दरवर्षी १ जुलैला वर उचलली जातात आणि २८ ऑक्टोबरपर्यंत वरच राहतात. या तारखा पाटबंधारे खात्यानं आपल्या सोयीनं ठरवलेल्या नाहीत, सर्वोच्च न्यायालयानं ठरवून दिल्या आहेत. खाली पोचमपाडचं श्रीरामसागर धरण आहे आणि त्याच्याच फुगवट्यात महाराष्ट्रानं हा बंधारा बांधला, म्हणून आंध्र प्रदेश न्यायालयात गेला होता. २८ फेब्रुवारी २०१३ ला निकाल लागला. महाराष्ट्रानं २.७४ टीएमसी पाणी अडवावं, पण पावसाळ्याचे चार महिने नदी मोकळी ठेवावी, आणि १ मार्चला ०.६ टीएमसी पाणी खाली सोडावं.

भांडण दोन राज्यांच्या पाण्याचं होतं. माशांचं नाव त्यात निघायचं कारण नव्हतं. तरी रोहू, कटला, मृगळ हे मासे अंडी घालण्यासाठी ज्या दिवसांत वाहत्या पाण्याच्या उलट दिशेनं चढतात, नेमके तेच दिवस या निकालानं मोकळे ठेवले. मराठवाड्यातल्या नद्यांवर माशांच्या उपयोगाचा, तारखेनिशी पाळला जाणारा नियम कुठला, असं मला कुणी विचारलं तर मी बाभळीचंच नाव घेईन.

गळ घेऊन नदीवर जाणाऱ्या हौशी माणसाला पहिला प्रश्न पडतो तो हाच, की मासे धरायचे दिवस कोणते आणि बंदीचे कोणते. पुण्या-मुंबईकडून येणारी मंडळी तर फोनवरच विचारतात. त्याचं उत्तर एका वाक्यात देता येत नाही, म्हणून यंदा ऑक्टोबर सरता सरता मी पाण्याच्या कडेकडेनंच निघालो. नांदेडजवळच्या विष्णुपुरीपासून गोदावरीनं खाली बाभळीपर्यंत, तिथून बिलोली-देगलूरकडे मांजरेच्या काठी, मग उदगीरमार्गे निलंगा तालुक्यात, आणि मांजरेनं वर चढत धनेगावच्या धरणापर्यंत.

विष्णुपुरीला पोचलो तेव्हा सकाळचं ऊन नुकतं पाण्यावर आलं होतं. काळेश्वराच्या मंदिरामागे जलाशय पसरलेला. याला शंकरसागर म्हणतात. अठरा दारांचा हा बंधारा उपसा सिंचनासाठी बांधला, आणि नांदेड शहराची तहानही तोच भागवतो. पावसाळ्यात इथलं पाणी मातकट तांबूस असतं आणि हात बुडवला तर बोटं दिसत नाहीत. दसऱ्यानंतर गाळ बसू लागतो. दिवाळीच्या सुमाराला काठचं पाणी हिरवट होतं आणि हातभर खोलीवरचा दगड दिसायला लागतो. हौशी मासेमारासाठी खरा हंगाम इथून सुरू होतो. पाणी निवळलेलं, अजून कोमट, आणि पावसाळ्यात अंडी टाकून रिकामा झालेला मासा भुकेला. शेंगदाण्याच्या पेंडीत कणीक मळून केलेल्या गोळीला रोहू आणि मृगळ येतात. त्यातला मृगळ तळाशी चरतो, म्हणून त्याच्यासाठी गोळी तळाला टेकलेली हवी. कटला मात्र वरच्या थरात असतो. त्याच्यासाठी तंगूस आखूड सोडायचा आणि ज्वारीच्या धांड्याचं भेंड लावून आमिष अधांतरी ठेवायचं. इथली जुनी माणसं अजूनही तसंच करतात आणि दुकानातल्या प्लॅस्टिकच्या गोळ्यापेक्षा ते हलकं चालतं, हे मी स्वतः ताडून पाहिलं आहे.

डिसेंबर-जानेवारीत थंडी पडली की हे मासे सुस्तावतात. सकाळी लवकर जाण्यात तेव्हा अर्थ नसतो, दुपारी ऊन पाण्यात मुरल्यावर बसावं. फेब्रुवारीच्या शेवटाला पुन्हा हालचाल वाढते. शिंगाळा आणि वाम यांचं वेगळं. ते अंधाराचे मासे, गांडुळावर किंवा लहान माशावर येतात. वाम खडकाच्या कपारीत राहते आणि गळ गिळून मागे कपारीत शिरते, तंगूस खडकावर घासून तुटतो. शिंगाळ्याच्या पाठीवरच्या आणि कल्ल्यामागच्या काट्यांना करवतीसारखे दाते असतात. नवख्यानं तो ओल्या फडक्यात धरावा, आणि धरल्यावर आधी काट्यांकडे बघावं.

काठावर एक वयस्क भोई काका जाळं सोडवत बसले होते. थर्माकोलच्या जाड पाट्यांना गोणपाट शिवून केलेला तराफा शेजारी उलटा पडलेला. "कुठून आलाव?" म्हणाले. मी सांगितलं. गळाची पिशवी बघून त्यांनी पलीकडे बोट केलं. तिकडं बाटल्या तरंगत होत्या, त्यांच्या खाली जाळी लावलेली होती. "तेवढं सोडून कुठंबी बसा. गळानं आमचं काय जात नाही. जाळं फाटलं की जातंय." त्यांच्या बोलण्यात राग नव्हता. पण एक फाटलेलं जाळं म्हणजे त्यांच्या घरातले चार-पाच दिवस गेले, हे गळ टाकायला येणाऱ्यानं पाण्यात पहिला दोर टाकण्याआधी समजून घ्यावं असं मला फार वाटतं. नदीवर आपण सुटीला येतो. ते तिच्यावर जगतात.

कायद्याचं मी आता सविस्तर सांगतो, कारण याबाबत गैरसमज पुष्कळ आहेत. दरवर्षी वर्तमानपत्रात बातमी येते की १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद. ती बंदी समुद्राची असते. महाराष्ट्र सागरी मासेमारी नियमन अधिनियम, १९८१ हा कायदा किनाऱ्यापासून बारा सागरी मैलांपर्यंतच्या पाण्याला लागू आहे. गोदावरीला, मांजरेला तो लागू होत नाही. मत्स्यव्यवसाय हा राज्यघटनेच्या राज्यसूचीतला विषय आहे, त्यामुळे नदी-तलावांचे नियम प्रत्येक राज्य आपापले करतं. धर्माबादहून रेल्वेनं पुढे बासरला सरस्वतीच्या दर्शनाला गेलात की नदी तीच, पण नियम तेलंगणाचे. निलंग्याहून मांजरा बीदर जिल्ह्यात शिरते, तिथून पुढे नियम कर्नाटकाचे. पिशवीत गळ असेल तर आपण कुठल्या राज्यात उभे आहोत हे आधी बघावं.

आपल्याकडे नदीच्या मासेमारीला आधार आहे तो महाराष्ट्र मत्स्यव्यवसाय अधिनियम, १९६० चा. त्याच्या मागे ब्रिटिशांच्या काळातला १८९७ चा भारतीय मत्स्यव्यवसाय कायदा. त्या जुन्या कायद्यानं दोन गोष्टी सरळ गुन्हा ठरवल्या होत्या. पाण्यात सुरुंग लावून मासे मारणं ही एक, आणि पाण्यात विष कालवून मारणं ही दुसरी. शिक्षा होती दोन महिन्यांपर्यंत कैद किंवा दोनशे रुपयांपर्यंत दंड. सव्वाशे वर्षांपूर्वीचे दोनशे रुपये लहान नव्हते. आज सुरुंगाची जागा बॅटरीच्या करंटनं घेतली आहे. पाठीवर बॅटरी, हातात दोन काठ्या, आणि डोहात करंट सोडला की कटला, झिंगा, बेडूक, अंड्यांवर बसलेली मादी, सगळं एकदमच उलटं होऊन वर येतं. मोठे मासे वेचून नेतात, बाकीचं तसंच सडतं. याला मी मासेमारी म्हणत नाही. कुठे दिसलं तर पोलिसांना आणि जिल्ह्याच्या मत्स्यव्यवसाय कार्यालयाला कळवावं. हौशी मासेमाराच्या हातून एवढं तरी व्हावं.

धरणं आणि तलाव यांची व्यवस्था नदीपेक्षा निराळी आहे. तिथं मासेमारीचा हक्क शासन ठेक्यानं देतं आणि बहुतेक ठिकाणी तो मच्छीमार सहकारी संस्थांकडे असतो. संस्थेनं ठेका भरायचा, मत्स्यबीज आणून सोडायचं, सांभाळायचं, मग मासे काढायचे. म्हणून तलावावर गळ टाकायचा तर संस्थेला विचारणं हा शिष्टाचार तर आहेच, हक्काच्या दृष्टीनंही तेच बरोबर आहे. धरणाच्या भिंतीलगत आणि दारांच्या खाली कुणीच बसू नये, विचारूनही नाही. वरून पाणी सुटलं की भोंगा वाजल्यापासून तुमच्या पायाशी लोंढा येईपर्यंत फार वेळ मिळत नाही.

नांदेड शहरातून नदी पुढे जाते ती नगीना घाट, बंदा घाट, गोवर्धन घाट अशी. सचखंड हुजूर साहिबच्या दर्शनाला देशभरातून भाविक येतात आणि घाटावर स्नान करतात. तिथं गळ टाकायचा विचारही मनात येऊ नये. पण घाटांच्या खाली जी नदी दिसते ती बघून वाईट वाटतं. शहराचं सांडपाणी नाल्यांमधून येतं, जलपर्णी माजते आणि उन्हाळ्यात वरून पाणी येणं थांबलं की तुंबलेल्या पाण्यातला प्राणवायू संपतो. मेलेले मासे काठाला लागल्याच्या बातम्या नांदेडकरांना नव्या नाहीत. असं होतं ते बहुधा पहाटे. दिवसा शेवाळ प्राणवायू तयार करतं, रात्री तेच तो वापरतं, आणि उजाडायच्या आधी पाण्यात तो सर्वांत कमी उरतो. मासे पृष्ठभागाशी येऊन तोंडं उघडी करताना दिसले तर ते खाण्यासाठी आलेले नसतात. त्या जागचे मासे धरू नयेत आणि घरी तर नेऊच नयेत.

मुदखेड, उमरी, धर्माबाद असा रेल्वेचा रस्ता नदीच्या डाव्या अंगानं जातो. वाटेत आमदुरा आणि बळेगाव इथं गोदावरीवर बंधारे आहेत. वर विष्णुपुरीच्या पलीकडे अंतेश्वर, दिग्रस, मुदगल, ढालेगाव. गोदावरी ही आता एक नदी न राहता एकामागून एक लांबट तलाव झाली आहे, हे गाडीच्या खिडकीतूनही समजतं. तलावाच्या पाण्यात मासा वाढतो, पण कटला-रोहू तिथं वीत नाहीत. त्यांना पुराचं वाहतं, गढूळ, नव्या मातीचा वास असलेलं पाणी लागतं. साचलेल्या पाण्यात मादीच्या पोटात अंडी भरतात आणि तशीच राहतात. यावर उपाय सापडला तो १० जुलै १९५७ ला, ओडिशात अंगूल इथं. हिरालाल चौधरी आणि के. एच. अलिकुन्ही यांनी माशाच्या मेंदूतल्या पीयूष ग्रंथीचा अर्क टोचून मादीला वियायला लावलं. आज देशभर तलावांत जी बोटुकली सोडली जातात ती त्या प्रयोगाची देणगी आहे, आणि १० जुलै म्हणूनच मत्स्य शेतकरी दिन म्हणून पाळतात. मत्स्यजिऱ्यापासून बोटाएवढं पिल्लू होईपर्यंत जपावं लागतं. जिरे थेट तलावात सोडले तर मोठ्या माशांचं जेवण होतं.

तरीही मला नदीत आपण होऊन जन्मलेला मासा हवा. इंजेक्शननं जन्मलेले मासे मोजक्याच जातींचे असतात. मुरी, वाम, शिंगाळा, झिंगे यांची बोटुकली कुणी ट्रकनं आणून सोडत नाही. ते नदीनंच द्यायचे.

बाभळीला गेलो तो २८ ऑक्टोबरच्या आदला दिवस होता. दारं अजून वर होती आणि पाणी त्यांच्या खालून संथ वाहत होतं. धर्माबादच्या मिरची बाजाराचा ठसका अजून घशात असताना मी बंधाऱ्याच्या खालच्या अंगाला काठावर उभा राहिलो. जून सरताना पहिला मोठा पाऊस झाला की पोचमपाडच्या फुगवट्यातले मासे वर निघतात. लहान ओढ्यांना पाणी आलं की ते ओढ्यांतही शिरतात, शेताच्या बांधापर्यंत जातात. गावागावांत मृगाच्या पावसानंतर चढणीचे मासे धरायची जुनी रीत आहे. ओढ्याच्या तोंडाशी बांबूची कामटी आडवी लावायची, जाळं धरायचं, आणि पाण्यातून उड्या मारत येणारे मासे टोपल्यांनी भरायचे. पोटात अंडी असलेला मासा चवीला उत्तम असतो, हे मी नाकारत नाही. लहानपणी तो खाल्लेली माणसं आजही त्याची आठवण काढतात. पण ती रीत बंधारे नव्हते तेव्हाची. तेव्हा चढायला शंभर वाटा होत्या. एका ओढ्यावर कामटी लावली तरी दुसऱ्या ओढ्यानं मासा निघून जायचा. आज मासा येतो तो बंधाऱ्याच्या दारांतून, एकाच वाटेनं, आणि त्याच वाटेवर जाळं घेऊन उभं राहिलं तर त्या वर्षीची पिढी गेली.

इंग्लंडमध्ये नद्यांवर गोड्या पाण्यातल्या साध्या माशांसाठी १५ मार्च ते १५ जून गळ टाकायला मनाई असते, कारण तिथं मासे वसंतात वितात. हिमाचल प्रदेशात ट्राउटसाठी १ नोव्हेंबरपासून फेब्रुवारीच्या अखेरपर्यंत बंदी असते, कारण ट्राउट थंडीत वितो. बंदीचे दिवस माशाच्या पोटावरून ठरतात. आपल्या गोदावरीत मासा जुलै-ऑगस्टला वितो. म्हणून नांदेड-लातूरच्या हौशी मासेमारांनी १ जुलैला गळ पिशवीत घालावा आणि निदान ऑगस्ट संपेपर्यंत काढू नये, असं माझं म्हणणं आहे. बाभळीची दारं उघडी असताना आमचे गळ बंद. ज्यांना जमेल त्यांनी २८ ऑक्टोबरपर्यंत थांबावं. कुणी दंड करणार नाही, कुणी बघणारही नाही. आपण पाळायचं.

मरळीसाठी हे आणखीच लागू आहे. मरळ गवताळ, उथळ पाण्यात घरटं करते आणि पिल्लं झाली की नर-मादी त्यांच्याखाली राखण करत फिरतात. पावसाळ्यात पाण्यावर लालसर पिल्लांचा दाट थवा बुडबुडे काढत हलताना दिसतो. रबरी बेडूक त्या थव्यावरून ओढला की राखणारी मरळ हमखास झेप घेते. झेप घेते ती भुकेनं नव्हे, पिल्लांसाठी. ती काढून घेतली की बाकीचे मासे थवा काही वेळात संपवून टाकतात. समाजमाध्यमांवर अशा मरळीचे फोटो अभिमानानं टाकले जातात तेव्हा मला मनापासून खेद होतो.

धर्माबादहून कुंडलवाडी, बिलोली, सगरोळी असा खाली गेलो. इथं मांजरा भेटते. बीड जिल्ह्यात पाटोदा तालुक्याच्या डोंगरात उगम पावून, लातूर, बीदर, संगारेड्डी, कामारेड्डी असा मोठा वळसा घालून ती नांदेडच्या सीमेवर परत येते आणि कंदकुर्तीला गोदावरीत मिळते. सुमारे ७२४ किलोमीटरचा प्रवास. बिलोली-देगलूरकडची मांजरेची वाळू बांधकामवाल्यांत प्रसिद्ध आहे, आणि त्यापायीच नदीचं नुकसान होतं. वाळू उपसली की नदीच्या पात्रात खड्डे पडतात. पाणी ओसरल्यावर मासे त्या खड्ड्यांत अडकतात, आणि जे वाळूत अंडी घालतात त्यांना जागा राहत नाही. वाळूच्या पट्ट्यावर मऊ पाठीची कासवंही दिसतात. गळाला कासव लागलं तर तंगूस न ओढता, गळ पक्कडीनं तोडून ते पाण्यात सोडावं. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ च्या पहिल्या अनुसूचीत ही कासवं आहेत. घरी नेलं तर किमान तीन वर्षांची कैद आहे.

बिलोलीची मांजरा आणि लातूरची मांजरा नकाशावर एक आहेत. माशासाठी त्या दोन वेगळ्या नद्या आहेत. मध्ये निजामसागर उभा आहे, १९३१ साली निजामाच्या राजवटीत पुरा झालेला, आणि त्याच्या वर सिंगूर. कंदकुर्तीहून निघालेला मासा निजामसागरच्या भिंतीशी थांबतो. मी मात्र देगलूरहून उदगीर गाठलं आणि संध्याकाळपर्यंत औराद शहाजानीला पोचलो. इथं तेरणा मांजरेला मिळते. संगमाजवळ पाणी भरपूर होतं, दोन्ही काठांना ऊस. तेरणेवर मदनसुरी, लिंबाळा, गुंजरगा, मांजरेवर नागझरी, साई, होसूर, भुसणी अशी बराजांची रांग लागली आहे. लातूरकरांनी या बराजांच्या जोरावर पाणी धरलं. आणि त्या पाण्यात सर्वांत जास्त मासा कुठला सापडतो तर चिलापी.

चिलापी बाहेरून आलेली. ती तोंडात पिल्लं सांभाळते, वर्षातून अनेकदा विते, वाहतं पाणी तिला लागत नाही. बराजांच्या साचलेल्या पाण्यात तिचं राज्य होणारच होतं. तिच्यावर कसलीही दया नको. कुठल्याही महिन्यात धरा, लहान असो मोठी असो, पाण्यात परत सोडू नका. गांडूळ लावलेला लहान गळ काठापासून चार हातांवर टाकला तरी ती येते, म्हणून मुलांना शिकवायलाही हाच मासा बरा. थाय मागूर मिळाला तर तोही परत सोडायचा नाही. त्याच्या पालनावर २००० सालापासून बंदी आहे आणि राष्ट्रीय हरित लवादानं २०१९ मध्ये त्याचे साठे नष्ट करायला सांगितलं. पुरात तळी फुटून तो नद्यांत आला आहे आणि दिसेल ते खातो.

लातूर जिल्ह्याच्या पाण्यावर लिहायचं आणि २०१६ वगळायचं हे शक्य नाही. त्या एप्रिलमध्ये मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं. १२ एप्रिलला पहिली गाडी आली, दहा वाघिणींतून पाच लाख लिटर. पुढे पन्नास वाघिणींची जलदूत सुरू झाली. धनेगावच्या मांजरा धरणाची एकूण क्षमता सुमारे २२४ दशलक्ष घनमीटर, त्यातला ४७ मृतसाठा. तो मृतसाठाही उपसून संपत आला होता. माणसांच्या तहानेची बातमी देशभर गेली. तळाचा चिखल उघडा पडल्यावर त्या धरणातल्या माशांचं काय झालं हे फारसं कुणी लिहिलं नाही. मरळ हवेतून श्वास घेऊ शकते, ओल्या चिखलात काही काळ तग धरते. कटला-रोहूला ती सोय नाही. त्या पावसाळ्याच्या शेवटी धरण भरलं, पण मासा पाण्याबरोबर आपोआप येत नाही. बीज पुन्हा सोडावं लागतं, आणि किलोभराचा कटला व्हायला साधारण वर्ष जातं.

यातून मला दुसरी बंदी सुचते. जुलै-ऑगस्टची पहिली, आणि मे महिन्यातल्या डोहाची दुसरी. तावरजा, रेणा, तिरू, देवर्जन, साकोळ, घरणी, मसलगा, व्हटी हे लातूरचे मध्यम प्रकल्प उन्हाळ्यात तळ गाठतात. नदी सुकत सुकत शेवटी एखाद्या खडकाळ डोहात उरते आणि दोन-चार किलोमीटरचे सगळे मासे त्या डोहात गोळा होतात. गळ टाकला की लगेच लागतो. पेंड, भेंड, कौशल्य काहीच लागत नाही. तिथले मासे म्हणजे पुढच्या जूनमध्ये ओढ्यांनी चढणारे आई-बाप. भर उन्हाळ्यात डोहावर बसून भरलेली पिशवी घरी नेणं मला कधीच शिकार वाटलं नाही. त्या दिवसांत मोठ्या तलावावर जावं, जिथं मृतसाठा तरी शाबूत आहे, संस्थेला विचारावं, आणि खाण्यापुरते दोन मासे घ्यावे.

किनवटकडच्या पैनगंगेचा विचार करणाऱ्यांसाठी एवढंच सांगतो. सहस्रकुंडाचा धबधबा पाहण्यासारखा आहे, पण त्या खडकांवर शेवाळ आहे आणि प्रवाहाला ओढ आहे, गळाची हौस तिथं करू नये. पैनगंगा अभयारण्याच्या हद्दीत तर वनखात्याच्या लेखी परवानगीशिवाय पाण्याला हातच लावू नये.

प्रवासाचा शेवट धनेगावला झाला. धरण तुडुंब भरलेलं, वारा सुटलेला, आणि भिंतीपासून दूर एका उताराला मच्छीमार संस्थेच्या माणसांची वजनकाट्याची जागा. प्लॅस्टिकच्या क्रेटमध्ये बर्फ, त्यात कटला आणि सायप्रिनस. व्यापाऱ्याची गाडी लातूरला निघायच्या तयारीत. मी गळ टाकायला परवानगी विचारली. काट्यावरच्या तरुणानं डोकं वर न करता विचारलं, "किती जण हायसा?" एकटाच म्हटल्यावर त्यानं जागा दाखवली आणि तीन अटी सांगितल्या. जाळ्याच्या बाटल्यांजवळ यायचं नाही, बोटुकलं लागलं तर लगेच सोडायचं, आणि रात्री कुणी करंटवाले दिसले तर फोन करायचा. नंबर त्यानं क्रेटच्या पुठ्ठ्यावर लिहून दिला. पावती मागितली तर म्हणाला, गळाला पावती नसते, पण दुसऱ्या कुणी विचारलं तर आमचं नाव सांगा. संध्याकाळपर्यंत दोन मृगळ आणि बऱ्याच चिलाप्या लागल्या. मृगळ सोडले, चिलाप्या त्या मंडळींनी रात्रीच्या कालवणाला ठेवून घेतल्या, आणि भाकरीला मला थांबवून घेतलं.